कॉर्ड्सच्या कुंडल्या

ज्योतिषविद्या खरी कीं खोटी, या वादांत शिरण्याचें आज आम्हांस प्रयोजन नाहीं. परंतु ज्योतिषाची जी एक बैठक असते, म्हणजे समोर कागद, कागदावर घरें आणि घराघरांतून बसविलेलीं नांवें, ती बैठक आतां संगीताच्या शिक्षणांतहि मांडली जाऊं लागली आहे. आणि तीहि अशा संगीताच्या शिक्षणांत, कीं ज्याची वाढ मुख्यत्वें कानावर झाली. आम्ही अमेरिकेंतील जॅझ संगीताविषयीं बोलत आहोंत. त्या संगीतांतलें एखादें गाणें कोणत्या पट्टींतलें व कोणत्या मोडमधलें, हें त्याच्या कॉर्ड्सच्या नांवांवरून कागदावरच ठरवून टाकण्याची जी रीत पाठ्यपुस्तकांनीं रूढ केली आहे, ती रीत चुकीची तर आहेच, पण ती शिकणाराचा कान मारते, असें आमचें स्पष्ट मत आहे. तें मत आम्ही येथें कांहीं उदाहरणांनिशीं मांडणार आहोंत.

निमित्त घरगुतीच आहे. आमच्या एका जुन्या स्नेह्यांच्या घरीं तीन पिढ्यांपासून पेटीचें वेड आहे. आजोबा ऐंशीच्या घरांत आले, तरी सकाळीं पेटी उघडल्यावांचून चहाला हात लावीत नाहींत. नातवानें मात्र पियानो धरला, आणि पियानोवर जॅझ धरलें. घरांत याबद्दल कोणाची तक्रार नाहीं. उलट कौतुकच आहे. गेल्या पावसाळ्यांत आम्ही सहज गेलों असतां मुलानें आम्हांस एक कागद दाखविला. जोसेफ कोस्मा या संगीतकाराची १९४५ सालची एक चाल आहे. गाणें मूळ फ्रेंच, परंतु 'ऑटम लीव्ज' या इंग्रजी नांवानें जगभरचे जॅझवादक तें वाजवितात. त्याच्या पहिल्या आठ बारांत सात कॉर्ड्स येतात. मुलाच्या प्रतींत त्या अशा होत्या: ए-मायनर-सेव्हन, डी-सेव्हन, जी-मेजर-सेव्हन, सी-मेजर-सेव्हन, एफ-शार्प-हाफ-डिमिनिश्ड, बी-सेव्हन आणि शेवटीं ई-मायनर. प्रत्येकीच्या डोक्यावर त्यानें लाल शाईनें एकेक मोड लिहिला होता: ए-डोरियन, डी-मिक्सोलिडियन, जी-आयोनियन, सी-लिडियन, एफ-शार्प-लोक्रियन, सहाव्या घरांत दोनदां खोडून लिहिलेलें एक लांबलचक नांव, आणि सातव्यांत ई-एओलियन. अक्षर सुंदर, आंखणी नीटस. शिक्षकांनीं कोपऱ्यांत शाबासकीहि लिहिली होती.

आम्हीं विचारलें, "छान केलेंस. पण या गाण्याचा सा कोठें आहे?"

मुलगा कागदाकडे पाहूं लागला. "काका, इथे सात मोड आहेत, म्हणजे..." म्हणाला आणि थांबला. आजोबा खिडकीपाशीं बसून होते. जॅझ त्यांनीं जन्मांत मन लावून ऐकलेलें नाहीं. ते म्हणाले, "बाळ, एकदा वाजव पाहू." मुलानें ते आठ बार वाजविले. शेवटच्या कॉर्डवर आजोबांनीं डोळे मिटून एक स्वर लांबविला आणि म्हणाले, "हा बघ. गाणं इथं येऊन बसतंय. पांढरी तीन." पेटीची पांढरी तीन म्हणजे पियानोचा ई.

आतां त्या लाल शाईंत काय होतें तें पाहूं. पट्टी म्हणजे सा कोणत्या स्वरावर धरला तें, आणि मोड म्हणजे त्या सा-पासून इतर सहा स्वर कोणकोणत्या अंतरांवर बसविले तें, एवढें ध्यानांत ठेवलें म्हणजे पुरे. ए-डोरियन, डी-मिक्सोलिडियन, जी-आयोनियन, सी-लिडियन, एफ-शार्प-लोक्रियन, ई-एओलियन, हीं सहा नांवें ऐकावयास भारदस्त आहेत खरीं. परंतु वाचकांनीं पेटीवर तीं एकेक वाजवून पाहावीं. सहाहि ठिकाणीं बोटाखालीं येणारे स्वर तेच ते सात आहेत: सहा पांढरे आणि एक काळी तीन. एकाच घराच्या सहा दारांवर सहा पाट्या लावाव्या तसा हा प्रकार. घरांत राहतो कोण, हें कोणत्याच पाटीवर नाहीं. मुलाला अडलें तें एका सहाव्या घरापाशीं. कारण बी-सेव्हन या कॉर्डमध्यें काळी दोन, म्हणजे डी-शार्प, हा स्वर आहे, आणि या सात कॉर्ड्समध्यें नेहमींच्या सात स्वरांबाहेरचा तेवढा एकच आहे. कोष्टकाला तो स्वर म्हणजे अडचण वाटली, म्हणून त्यानें लांब नांवाची ठिगळ लावली. वस्तुतः गाण्याचें सारें गुपित तेथेंच आहे. ई-ला सा मानलें कीं हा काळा स्वर शुद्ध निषाद होतो. सा-च्या अगदी उंबरठ्यावर उभा राहिलेला निषाद. तो वाजतांक्षणीं कानाला कळतें कीं आतां सा येणार, आणि तो येतोहि. आजोबांनीं ऐकला तो हा निषाद. किरवाणी ज्यांच्या कानांत आहे, त्यांना ही शुद्ध निषादाची आणि कोमल गांधार-धैवताची संगत नवी वाटूं नये.

कॉर्ड्सवरून पट्टी मुळींच कळत नाहीं, असें आम्ही म्हणत नाहीं. कळते, परंतु ती कशी कळते, याची रीत निराळी आहे, आणि ती थोडी तपशिलानें सांगणें अवश्य आहे. पांढरी एक म्हणजे सी हा सा धरा. आतां एक स्वर वगळून एक, असे चार-चार स्वर एकदम दाबीत चला: सा ग प नी, रे म ध सां, ग प नी रें, याप्रमाणें सात स्वरांवर सात कॉर्ड्स मिळतील. या सातांत सा-ची व म-ची अशा दोन कॉर्ड्स एका जातीच्या निघतात. त्यांस मेजर-सेव्हन म्हणतात. रे, ग आणि ध यांवरच्या तीन मायनर-सेव्हन जातीच्या. निषादावरची हाफ-डिमिनिश्ड एकटीच. आणि पंचमावरची, प नी रें मं, हीहि आपल्या जातीची एकटीच. तिला नुसतें सेव्हन म्हणतात. अशी कॉर्ड सप्तकांत दुसऱ्या कोठेंहि होत नाहीं. यावरून उघड होतें कीं डी-मायनर-सेव्हन ही कॉर्ड एकटी उभी केली तर ती सी-ची असेल, बी-फ्लॅटची असेल किंवा एफ-ची असेल. तिघांच्याहि घरीं ती नांदते. तिच्यावर "डी-डोरियन" असा शिक्का मारणें म्हणजे वाटेंत भेटलेल्या माणसाचें गोत्र त्याच्या टोपीवरून ठरविण्यासारखें आहे. तिच्यामागून जी-सेव्हन आली म्हणजे मात्र गोष्ट पालटते. जी-सेव्हनमध्यें मध्यम आणि शुद्ध निषाद हे दोन स्वर एकत्र येतात. त्यांच्यामध्यें तीन पूर्ण स्वरांचें अंतर आहे, आणि शुद्ध सप्तकांत एवढ्या अंतराची जोडी ही एकच. निषादाला अर्धाच स्वर चढून सा गांठावयाचा असतो, मध्यमाला अर्धाच स्वर उतरून ग गांठावयाचा असतो. दोघेहि एकदम आपापल्या ठिकाणीं पोंचले कीं पट्टी ठरली. जॅझवादक ज्याला टू-फाइव्ह-वन म्हणतात तें हेंच: रे-ची कॉर्ड, प-ची कॉर्ड, सा-ची कॉर्ड. पट्टी ठरते ती या चालीनें, कॉर्ड्सच्या नांवांच्या यादीनें नव्हे. चाल म्हटली कीं आधीं काय झालें आणि पुढें काय होणार, हें दोन्ही मनांत धरणें आलें. आणि कुंडलींत नेमकें हेंच धरतां येत नाहीं, कारण तिथें प्रत्येक घर आपापल्या भिंतींत बंद.

बरें, या एकट्या सेव्हन कॉर्डवरच पट्टीचा कौल टाकावा, तर तीहि फसविते. जी-सेव्हनमधील मध्यम-निषादाची ती जोडी डी-फ्लॅट-सेव्हन या कॉर्डमध्येंहि जशीच्या तशी असते. म्हणून कसलेला वादक जी-सेव्हनच्या जागीं डी-फ्लॅट-सेव्हन घालतो आणि तरीहि सी-वरच उतरतो. कोष्टकाप्रमाणें पाहूं गेल्यास डी-फ्लॅट-सेव्हन ही जी-फ्लॅटच्या घरची. पण ऐकणारा एका क्षणापुरताहि जी-फ्लॅटला जात नाहीं.

याहून मोठें आणि याहून साधें उदाहरण ब्लूजचें. जॅझची अर्धी इमारत ज्या पायावर उभी आहे, तो बारा बारांचा ब्लूज तिन्ही सेव्हन कॉर्ड्सवर चालतो. सी-च्या ब्लूजमध्यें सी-सेव्हन, एफ-सेव्हन आणि जी-सेव्हन. आतां पुस्तकी हिशेब करा. सी-सेव्हन म्हणते पट्टी एफ. एफ-सेव्हन म्हणते पट्टी बी-फ्लॅट. जी-सेव्हन म्हणते पट्टी सी. एका गाण्यांत तीन दावेदार! आणि कोणत्याहि गांवच्या कोणत्याहि श्रोत्याला विचारा, तो निःशंकपणें सी-वर बोट ठेवील. कारण पहिले चार बार गाणें तेथें बसलेलें असतें, पांचव्या बारास एफ-कडे जाऊन सातव्यास परत येतें, आणि नवव्यास जी-चा उंबरा ओलांडून अकराव्यास पुन्हां घरीं. जी कॉर्ड युरोपच्या व्याकरणांत नेहमीं अस्वस्थ, नेहमीं पुढें जाण्याची घाई असलेली, ती कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या या गाण्यांत स्वस्थ बसलेली आहे. कोमल निषाद घेऊन, कोमल-शुद्धाच्या मधला गांधार गात, ती घरीं बसली आहे. हें पाहून व्याकरणकारांनीं व्याकरण सुधारावयाचें, कीं गाण्याला अपवाद म्हणून बाजूस ठेवावयाचें? बहुतेक पुस्तकांनीं दुसरा मार्ग धरला. ब्लूजचें प्रकरण वेगळें, शेवटीं, एका खास सप्तकाच्या नांवासह. ज्याच्यावर इमारत उभी, तोच अपवाद ठरला.

आणखी दोन तोडगे विद्यार्थ्यांत प्रचलित आहेत. एक असा कीं पहिली कॉर्ड तीच पट्टी. १९२५ चें 'स्वीट जॉर्जिया ब्राउन' ए-फ्लॅटमध्यें वाजवितात. तें चार बार एफ-सेव्हनवर, चार बार बी-फ्लॅट-सेव्हनवर आणि पुढें ई-फ्लॅट-सेव्हनवर हिंडत, तेराव्या बारास घरीं येतें. व्हिक्टर यंगचें 'स्टेला बाय स्टारलाइट' हें १९४४ च्या एका चित्रपटांतलें. त्याची पट्टी बी-फ्लॅट आणि पहिली कॉर्ड ई-हाफ-डिमिनिश्ड, म्हणजे घरापासून जितकें दूर जातां येईल तितकें दूर. दुसरा तोडगा असा कीं शेवटची कॉर्ड तीच पट्टी. हा थोडा बरा. पण छापील पानावरच्या अखेरच्या बारांत पुष्कळदां पुन्हां आरंभाकडे नेणाऱ्या कॉर्ड्स लिहिलेल्या असतात, आणि मुलें त्यांनाच शेवट समजतात. गाणें संपलें कोठें आणि वळलें कोठें, हें पान सांगत नाहीं.

जेरोम कर्नच्या १९३९ सालच्या 'ऑल द थिंग्ज यू आर' या गाण्यापाशीं मात्र आम्हांस थोडें थांबलें पाहिजे. कारण पट्टी म्हणजे काय, हें शिकवावयाचें असेल तर त्याच्याएवढा चांगला धडा आम्हांस ठाऊक नाहीं. छत्तीस बारांचें हें गाणें. आरंभ एफ-मायनरवर, तेथून पांचव्या-पांचव्या स्वराच्या उड्या घेत ए-फ्लॅटवर टेकतें, पुढें सरकून सी-वर उतरतें. मग तीच चाल खालीं घेऊन ई-फ्लॅटला आणि जी-ला जातें. मधल्या आठ बारांत जी-वरून ई-वर. ए-फ्लॅट, सी, ई-फ्लॅट, जी, ई: पांच गांवें झालीं, आणि शेवटीं ए-फ्लॅट. या गाण्याला कागदावर पांच पट्ट्या आहेत असें म्हणतां येईल, आणि तसें म्हणणारे आम्हीं पाहिले आहेत. पण परत येण्याची जागा पाहा. ई-वर मुक्काम असतांना गाता स्वर जी-शार्प आहे, म्हणजे ई-चा शुद्ध गांधार. तोच स्वर धरून ठेवला जातो. खालची कॉर्ड सी-ची होते. तोच स्वर अजून धरलेला. खालीं एफ-मायनर येते, आणि आतां तोच काळा स्वर ए-फ्लॅट या नांवानें तिचा कोमल गांधार झालेला असतो. गाणाराच्या गळ्यांत कांहींच हललें नाहीं, आणि पायाखालची सारी जमीन बदलून आपण निघालों त्या दारांत उभे आहोंत! हा जो परतल्याचा अनुभव, त्याचेंच नांव पट्टी. तो ज्याला आला, त्याला ए-फ्लॅट हें उत्तर पाठ करावें लागत नाहीं. आणि ज्याला आला नाहीं, त्यानें छत्तीस बारांवर छत्तीस मोड लिहिले तरी तो घरीं पोंचला नाहीं.

जॉन कोल्ट्रेनच्या १९५९ मध्यें ध्वनिमुद्रित झालेल्या 'जायंट स्टेप्स' मध्यें बी, जी आणि ई-फ्लॅट अशा तीन पट्ट्या सप्तकाचे तीन सारखे भाग करून मांडल्या आहेत. तेथें कोष्टक भरणें फार सोपें आणि घर शोधणें फार कठीण. तिघांपैकीं कोणालाच गादीवर बसूं द्यावयाचें नाहीं, हाच त्या रचनेचा बेत असावा असें आम्हांस वाटतें; तेव्हां "याची पट्टी कोणती?" या परीक्षकी प्रश्नाला तेथें एका शब्दाचें उत्तर मागूं नये हेंच बरें.

मोडची गोष्ट याहून नाजूक आहे. माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' या १९५९ च्या तबकडीवर 'सो व्हॉट' नांवाची रचना आहे. बत्तीस बार, पहिले सोळा डी-वर, मग आठ अर्धा स्वर वर ई-फ्लॅटवर, शेवटचे आठ पुन्हां डी-वर. लिहिणारा लिहितो: डी-मायनर-सेव्हन, ई-फ्लॅट-मायनर-सेव्हन, संपलें. आणि शिकविणारा लगेच सांगतो कीं डी-मायनर-सेव्हन आहे म्हणून डोरियन. हें "म्हणून" आम्हांस मान्य नाहीं. डी हा सा धरला तर डी-मायनर-सेव्हन या कॉर्डचे चार स्वर म्हणजे सा, कोमल ग, प आणि कोमल नी. हे चारहि स्वर डोरियनमध्यें आहेत, एओलियनमध्यें आहेत आणि फ्रिजियनमध्येंहि आहेत. आमच्या भाषेंत बोलावयाचें तर काफी, आसावरी आणि भैरवी या तिन्ही थाटांत ते बसतात. निवाडा करणारे स्वर दोन, रिषभ आणि धैवत. आणि नेमके तेच दोन या कॉर्डमध्यें नाहींत! मग डोरियन कळतें कोठून? मूळ ध्वनिमुद्रण ऐका. पॉल चेंबर्स बासवर एक वाक्य बोलतो, आणि त्याला दोन कॉर्ड्सचें उत्तर येतें. तें उत्तर प्रथम बिल एव्हान्स पियानोवर देतो. त्यांतल्या पहिल्या कॉर्डचे स्वर खालून वर मोजले तर ई, ए, डी, जी, बी. म्हणजे रे, प, सा, म, ध. रिषभ शुद्ध, आणि सर्वांच्या वर, स्पष्ट ऐकूं येणारा, शुद्ध धैवत. दुसऱ्या कॉर्डमध्यें सारा डोलारा एक स्वर खालीं उतरतो आणि धैवत पंचमावर येऊन विसावतो. आसावरी आणि भैरवी तेथल्या तेथें बाद झाल्या. काफीचा कौल त्या धैवतानें दिला. आणि पानावर लिहिलेल्या "डी-मायनर-सेव्हन" या अक्षरांत तो धैवत कोठेंहि नाहीं.

येथपर्यंत वाचून आमच्यांतील एक वर्ग मिशींत हंसत असेल, हें आम्ही जाणून आहोंत. "डोरियन म्हणजे काफी, मिक्सोलिडियन म्हणजे खमाज, लिडियन म्हणजे कल्याण, मग यांत त्यांनीं नवें तें काय केलें? हें सर्व आमच्याकडे आधींच होतें." जॅझचा विषय निघाला कीं हें वाक्य ऐकावयास मिळालें नाहीं अशी बैठक विरळा. या मंडळींना आमची विनंति आहे कीं त्यांनीं आपलेच ग्रंथ पुन्हां उघडावे. पंडित भातखंडे (१८६०–१९३६) यांनीं दहा थाटांची मांडणी केली ती रागांची वर्गवारी लावण्यासाठीं. थाट गाइला जातो असें त्यांनीं कोठेंहि म्हटलेलें नाहीं. मारवा, पूरिया आणि सोहनी यांचे स्वर तेच. पण मारव्यांत कोमल रिषभ आणि धैवत बोलतात, पूरिया गांधार-निषाद धरून मंद्रांत वावरतो, आणि सोहनी तार षड्जाकडे धांव घेते. भूप आणि देशकार पाहा. पांच स्वर अगदी तेच, सा रे ग प ध. आणि भातखंड्यांनीं एकाला कल्याण थाटांत बसविलें, दुसऱ्याला बिलावलांत. दोन थाटांत फरक काय तो मध्यमाचा, आणि या दोन्ही रागांत मध्यम नाहींच! तेव्हां स्वरांची यादी पाहून हा निर्णय झालेला नाहीं हें उघड आहे. चाल पाहून झालेला आहे. असें असतां जॅझच्या मुलांना यादीवरून चाल ओळखावयास शिकविणाऱ्यांना आपण हंसावें, कीं त्यांच्या पंगतीला जाऊन बसावें? थाट आणि मोड यांचें साम्य खरें आहे, पण तें यादीचें साम्य आहे. शिवाय आपल्याकडे तंबोरा सा सांभाळतो, आणि मैफल संपेपर्यंत तो हलत नाहीं. जॅझमध्यें तंबोरा नाहीं. सा हलतो, लपतो, चार बारांसाठीं दुसऱ्याच्या घरीं जाऊन राहतो. आणि तो सांभाळण्याचें काम सर्वस्वी ऐकणाराच्या मनावर सोपविलेलें असतें. आपल्या रसिकांना ही कला नवी आहे, आणि ती कमी दर्जाची नाहीं.

मुंबईला तर हें संगीत परकेंहि म्हणतां येत नाहीं. १९३५ मध्यें लिऑन ॲबी आपला कृष्णवर्णीय वादकांचा संच घेऊन ताजमहाल हॉटेलांत वाजवावयास आला. पुढें टेडी वेदरफर्ड आला. त्यांच्या आसपास गोमंतकीय वादकांची एक पिढी तयार झाली. गोव्याच्या चर्चच्या शाळांतून नोटेशन शिकून आलेले हे लोक कागद वाचण्यांत कोणाला हार जाणारे नव्हते. तरीहि जॅझ त्यांनीं मिळविलें तें तबकड्या झिजवून आणि शेजारीं बसून. त्यांच्यापैकीं ट्रम्पेट वाजविणारे अँतोनियो झेवियर व्हाझ, ज्यांना लोक चिक चॉकलेट म्हणून ओळखतात, पुढें सी. रामचंद्र यांच्याबरोबर चित्रपटांत आले. १९५१ च्या 'अलबेला' चीं गाणीं आमच्या वडीलधाऱ्यांनीं ज्या ठेक्यावर गुणगुणलीं, त्यांत या मंडळींचा हात आहे. एक सुरावट पेटीवर ऐकवावयाची, तिचा सा पक्का, आणि तिच्याखालीं कोणत्या कॉर्ड्स घालाव्या हें अशा वादकांनीं ठरवावयाचें, असा तो संसार होता. म्हणजे आमच्या मुलाच्या कागदाची अगदी उलटी वाट. त्या वाटेनें एकदां गेलेल्या माणसाला "ही कॉर्ड, म्हणून हा मोड" हें वाक्य बोलवणार नाहीं; कारण एकाच स्वराखालीं किती निरनिराळ्या कॉर्ड्स खपतात, हें त्याच्या बोटांना ठाऊक असतें.

कोष्टकवाल्यांच्या बाजूनें जें बोलण्यासारखें आहे, तें आम्ही लपवीत नाहीं. जॉर्ज रसेल यानें १९५३ मध्यें लिडियन मोडवर उभारलेला आपला सिद्धान्त प्रसिद्ध केला, त्यांत कॉर्ड आणि सप्तक यांचें नातें सांगितलें. आणि तो मनुष्य पोथीपंडित नव्हता, स्वतः रचनाकार होता. त्याच्या विवेचनाचा गाभा स्वरांचें गुरुत्वाकर्षण हा आहे, म्हणजे कोणता स्वर कशाकडे ओढला जातो, हाच. आमची तक्रार त्याच्याविषयीं नाहीं. ओढ गाळून नुसतीं कोष्टकें ठेवणाऱ्या वर्गपाठ्य पुस्तकांविषयीं आहे. भरधांव चालींत वाजविणाराच्या बोटांना ऐन वेळीं कोणते स्वर हाताशीं आहेत हें कोष्टकानें चटकन् सांगितलें, तर तो उपयोग आम्हांस मान्य आहे. पण तो ज्याचा कान आधीं तयार आहे त्याला. हल्लीं ध्वनिमुद्रण ऐकून पट्टी सांगणारीं गणकयंत्रेंहि निघालीं आहेत. कोणता स्वर किती वेळ वाजला याची बेरीज करून त्यांतलीं पुष्कळशीं निकाल देतात, आणि मेजर कीं त्याच सात स्वरांचा मायनर, या प्रश्नावर वरचेवर घसरतात. यंत्राचा दोष नाहीं. त्याला आजोबा नाहींत.

जॅझवादक म्हणून हा मुलगा उद्यां व्यासपीठावर बसेल तेव्हां त्याला प्रत्येक कॉर्डला एक वेगळी वही उघडावी लागूं नये, एवढीच आमची काळजी आहे. सात कॉर्ड्सवर सात तुकडे वाजविणारे आम्हीं ऐकले आहेत. प्रत्येक तुकडा शुद्ध, आणि एकाचें दुसऱ्याशीं बोलणें नाहीं. जणूं सात परकी माणसें आगगाडीच्या एका डब्यांत. त्यांना कोणी चुकलास म्हणूं शकत नाहीं, हीच त्यांची मोठी आपत्ति.

परवां आम्ही पुन्हां त्या घरीं गेलों. आजोबांनीं नातवाला एक नेम घालून दिला आहे: कागद उलटा ठेवावयाचा, डाव्या हातानें फक्त खालचा एकेक स्वर वाजवावयाचा आणि वर गळ्यानें गाणें म्हणावयाचें, मोडचें नांव घ्यावयाचें नाहीं. तीन आठवडे हें चाललें आहे. आतां नातू आजोबांशीं वाद घालूं लागला आहे. त्याचें म्हणणें असें कीं शेवटीं गाणें पांढऱ्या तीनवर बसतें हें कबूल, पण तिसऱ्या बारास तें एकदां पांढऱ्या पांचवर, म्हणजे जी-वर, नीट बसलेलें असतें, तें मध्येंच उठवून कोणी नेतें. "आजोबा, ते पहिले चार बार मला अजून जी-मध्येच वाटतात." आजोबा म्हणतात, तो नुसता मुक्काम आहे, घर नव्हे. मुलगा म्हणतो, दर फेरींत जेथें आधीं उतरावयाचें, त्याला मुक्काम कसें म्हणावें? आम्हीं दोघांचेंहि ऐकलें, पुन्हां पियानो वाजवावयास सांगितला, आणि खरें सांगावयाचें तर त्या तिसऱ्या बारापाशीं मुलाचें म्हणणें आम्हांसहि पटूं लागलें. वाद मिटला नव्हता. चहा आला, तरी दोघे पियानोपाशींच होते.